दोघांपुरती जागा

मराठीचे व्याकरण शिकवताना लिंगविचाराचा तास आला की वर्गात थोडी गंमत होते. पाटील–पाटलीण, सरदार–सरदारीण, सुभेदार–सुभेदारीण अशा जोड्या मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, "यांतली पाटलीण काय काम करते?" मुले क्षणभर गोंधळतात. मग एखादी चुणचुणीत मुलगी म्हणते, "बाई, ती पाटलाची बायको असते." बस्स! पाटलाने गाव सांभाळायचा आणि पाटलिणीने पाटलाला. पुरुषाचा हुद्दा कामावरून आणि बाईचा हुद्दा कुंकवावरून, असा आपल्या भाषेचा जुना हिशेब आहे.

हा हिशेब फक्त आपलाच आहे असे मात्र कोणी समजू नये. फ्रेंच भाषेत 'ल जेनेराल' म्हणजे सेनेतला जनरल आणि 'ला जेनेराल' म्हणजे पूर्वापार त्या जनरलची बायको! त्यामुळे १९७६ साली फ्रेंच सैन्यात एका बाईंना वैद्यकीय शाखेतला जनरलचा हुद्दा मिळाला, तेव्हा भाषेचीच पंचाईत झाली. त्या फ्रान्सच्या पहिल्या स्त्री-जनरल. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी १९८८ साली नाव दिले 'मादाम ल जेनेराल'. बाई बाईच राहिली, हुद्दा पुरुषीच राहिला आणि दोन्ही शेजारी शेजारी नांदू लागले. या बाईंचे नाव वालेरी आंद्रे. २१ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्या वारल्या.

लढाईच्या धुमश्चक्रीत हेलिकॉप्टर चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु 'पहिली स्त्री' या दोन शब्दांचे मला फारसे कौतुक नाही. पहिला नंबर सांगितला की लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजवून झाल्या की त्या बाईने नेमके केले काय हे विचारायचे राहून जाते. वालेरीबाईंनी जे केले ते मोठे विलक्षण आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १९२२ चा, स्ट्रासबूर शहरातला. हे शहर आल्सास प्रांतात, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या अगदी शिवेवर आहे. शिवेवरच्या शेताचे जे होते तेच या प्रांताचे होत आले. कधी या भावाने नांगरले, कधी त्या. वालेरीला लहानपणापासून दोनच गोष्टींचा ध्यास होता. डॉक्टर व्हायचे आणि विमान चालवायचे. आपल्याकडे असे दोन ध्यास घेणाऱ्या मुलीला वडीलधारी माणसे प्रेमाने सांगतात, "बाळ, एक काहीतरी धर." या मुलीने दोन्ही धरले. शिकवण्या करून पैसे जमवले आणि ते विमानाच्या शिक्षणावर घातले. एवढ्यात १९३९ साली महायुद्ध सुरू झाले. स्ट्रासबूरचे सबंध विद्यापीठ क्लेर्माँ-फेराँ या दूरच्या गावी हलवण्यात आले आणि १९४० मध्ये जर्मनीने आल्सास गिळला. पुढे नोव्हेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी क्लेर्माँलाही विद्यापीठावर धाड घातली, शेकडो माणसे पकडली. वालेरी त्यातून निसटून पॅरिसला गेली आणि तिथे तिने शिक्षण पुरे केले. १९४८ साली ती डॉक्टर झाली. प्रबंधाचा विषय होता पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांना होणाऱ्या इजा आणि व्याधी. दोन ध्यासांचे एका विषयात असे लग्न लावून दिलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही!

त्याच वर्षी सैन्याच्या डॉक्टर म्हणून त्या इंडोचीनमध्ये गेल्या. इंडोचीन म्हणजे आजचे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया. हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता, आणि हो चि मिन्ह यांचे व्हिएतमिन्ह सैन्य तो सोडवण्यासाठी झगडत होते. सायगॉनच्या लष्करी इस्पितळात वालेरीबाई मेंदूच्या शस्त्रक्रियांसाठी मदतनीस म्हणून काम करू लागल्या. डोक्याला गोळी लागलेल्या माणसाचा जीव घड्याळाच्या काट्यावर असतो. पण तो माणूस पडलेला असे दूरच्या ठाण्यावर. मध्ये जंगल, चिखल, भातखाचरे, आणि वाटेवर दबा धरून बसलेला शत्रू. डोलीत घालून त्याला आणायचे म्हणजे दिवसांचे काम. एवढ्या वेळात शल्यविशारदासाठी बहुधा काही उरतच नसे. काही ठाण्यांवर त्या स्वतः पॅराशूटने उतरल्या आणि तिथल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. परंतु पॅराशूटने डॉक्टर खाली जाऊ शकतो. रोगी वर येऊ शकत नाही!

१९५० साली सायगॉनला हिलर-३६० जातीची दोन हेलिकॉप्टरे आली आणि हे कोडे सुटले. अलेक्सी सान्तिनी नावाचे लेफ्टनंट ती चालवून जखमींना आणू लागले. वालेरीबाईंनी ते पाहिले आणि ठरवले, हे आपणच शिकायचे. त्याच वर्षी फ्रान्सला जाऊन त्या हेलिकॉप्टर शिकून आल्या.

हे यंत्र आजच्या मानाने अगदीच पोरसवदा होते. पुढे काचेचा एक फुगा, मागे उघडे इंजिन, माथ्यावर पंखा. यंत्राला हव्या त्या दिशेला झुकवणारी दांडी छतातून खाली लोंबत असे. दुसऱ्या हाताने वर-खाली जायचे, पायांनी तोंड वळवायचे. म्हणजे हातपायांपैकी एकालाही उसंत नाही. इंजिन बेताचे, आणि इंडोचीनची हवा गरम नि दमट. अशी हवा विरळ असते. तिच्यात पंख्याला पकड मिळत नाही आणि इंजिनाचा दमही उखडतो. त्यामुळे प्रत्येक शेराचा हिशेब. वालेरीबाई अंगकाठीने लहानखुऱ्या होत्या, आणि या कामात ते वैगुण्य न ठरता भांडवलच ठरले. यंत्राच्या दोन्ही अंगांना बाहेरच्या बाजूस एकेक स्ट्रेचर बांधलेले असे. म्हणजे एका फेरीत जागा दोघांपुरतीच. सैनिक या यंत्राला 'व्हाँतिलातर' म्हणत. व्हाँतिलातर म्हणजे पंखा! बिनतारी यंत्रावरून बोलतानाही तीच खूण. १९५४ साली निघालेल्या वालेरीबाईंच्या पहिल्या पुस्तकाचे नावच आहे 'इथे पंखा बोलतोय' अशा अर्थाचे.

११ डिसेंबर १९५१ ची हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. उत्तरेला काळ्या नदीच्या काठी तू-वू नावाच्या ठाण्यावर मोठी लढाई झाली होती आणि जखमींना तातडीने हलवायचे होते. उपलब्ध असलेले एकमेव हेलिकॉप्टर होते दक्षिण टोकाला सायगॉनमध्ये. ते मोडून, सुटे करून, मालवाहू विमानात घालून हनोईला आणले, तिथे पुन्हा जोडले आणि वालेरीबाई ते घेऊन निघाल्या. दाट धुके होते. खालून तोफांचा मारा चालू होता. त्यातून त्या तू-वूला उतरल्या. जखमींची तपासणी केली, अगदी थांबण्यासारखे नव्हते त्यांच्यावर तिथल्या तिथे शस्त्रक्रिया केल्या, आणि मग दोघा-दोघांना उचलून हनोईला नेऊन पोचवले.

ही हकीकत वाचताना लोकांच्या डोळ्यांपुढे धुके आणि तोफा येतात. मला मात्र ते उड्डाणाआधीचे काही क्षण दिसतात. ओळीने माणसे पडली आहेत. कोणी कण्हतो आहे, कोणी गप्प आहे. यंत्रात जागा दोघांपुरतीच आहे. नुसता वैमानिक आला असता तर ठाण्यावरच्या लोकांनी आणून ठेवलेले दोघे घेऊन तो निघून गेला असता. निवड त्याची नव्हे, म्हणून पापही त्याचे नव्हे. परंतु इथे वैमानिक हीच डॉक्टर होती. जो ओरडतो आहे त्याला अजून धुगधुगी आहे, जो गप्प आहे त्याला घाई आहे, आणि जो अगदीच गप्प आहे त्याला नेऊन आता उपयोग नाही, हे तिला ठाऊक होते. दोन विद्या अंगी असल्या म्हणजे दुप्पट मान मिळतो अशी आपली समजूत असते. दोन विद्या म्हणजे दुप्पट जबाबदारी असते, आणि ती टाळायला तिसरे माणूस उरत नाही, हे मला या बाईंच्या चरित्राने शिकवले.

आता एक प्रश्न मनात येतो आणि तो झाकून ठेवणे मला पटत नाही. हे युद्ध कोणाचे होते? फ्रेंच तिथे दुसऱ्याचा देश आपल्या मुठीत ठेवण्यासाठी लढत होते. १९५४ साली दिएन बिएन फूला त्यांचा पराभव झाला, तो व्हिएतनामच्या लोकांना आपल्या १९४७ इतकाच प्रिय असणार. वालेरीबाई पुढे १९५७ ते १९६२ अल्जिरियातही होत्या. तेही दास्यातून सुटू पाहणाऱ्या लोकांविरुद्धचेच युद्ध. ज्या मुलीने आपला प्रांत परक्यांच्या घशात गेलेला पाहिला, धाडीतून जीव वाचवून जी पळाली, तीच पुढे दुसऱ्याचा मुलूख धरून बसलेल्या सेनेचा गणवेश घालते, याला काय म्हणावे? आपल्याकडे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही परक्या युद्धात गेले होते. १९३८ साली ते चीनला गेले, आणि १९४२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. परंतु ते गेले ते आक्रमण सोसणाऱ्यांच्या बाजूला. कोटणीसांनी बाजू निवडली. वालेरीबाईंनी आपल्या देशाची बाजू न निवडताच घेतली. हा फरक लहान नाही, आणि त्यांच्या कौतुकाच्या भरात मी तो पुसणार नाही.

तरीही तू-वूच्या त्या ठाण्यावर कोण पडले होते ते पाहावे. ठाणे लढवणारे सैनिक बहुतांशी मोरोक्कोचे होते. मोरोक्को तेव्हा स्वतःच फ्रेंचांच्या अमलाखाली होता. तो सुटला १९५६ साली. म्हणजे एका पारतंत्र्यातली गरिबाघरची पोरे दुसऱ्याचे पारतंत्र्य राखायला आणली होती. हे दुःख आपल्याला परके नाही. साताऱ्या-कोकणातली किती पोरे इंग्रजांसाठी मेसोपोटेमियात आणि इटलीत पडली, ते गावोगावच्या घरांना ठाऊक आहे. अशा पोराच्या डोक्यात गोळी शिरते, तेव्हा युद्ध न्यायाचे की अन्यायाचे हा प्रश्न त्याच्यापुरता संपलेला असतो. त्याला हवे असते ते कोणीतरी वेळेवर येणे. वालेरीबाई वेळेवर आल्या, आणि आल्यावर जखम पाहून माणूस उचलला. त्या अन्यायी युद्धात दोन स्ट्रेचरांएवढ्या जागेत तरी न्यायाचा नियम चालला. त्यांच्याविषयी मला जो आदर वाटतो तो त्या दोन स्ट्रेचरांच्या मापाचा आहे. त्याहून मोठा नाही, पण लहानही नाही.

आम्ही नाशिकला राहतो. इथे गांधीनगरला सेनेची हेलिकॉप्टर शिकवणारी शाळा आहे. तास चालू असताना वरून चेतक किंवा चीता गेले की माझा आवाज बुडतो आणि मी खडू हातात धरून थांबते. ही दोन्ही यंत्रे मूळच्या फ्रेंच घराण्यातली, 'अलुएट' कुळातली. अलुएट म्हणजे आपला चंडोल. याच कुळातली पहिली हेलिकॉप्टरे अल्जिरियाच्या युद्धात जखमींना वाहून नेत होती. १९९९ साली कारगिलच्या युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या वायुदलाच्या दोन तरुणींनी चीता चालवून रणक्षेत्रातले जखमी आणले; आणि २५ मे २०२२ रोजी नाशिकच्या याच शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक आपल्या भूदलाच्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. वर्गातल्या मुली आवाजाच्या दिशेने खिडकीबाहेर पाहतात, तेव्हा मी त्यांना रागावत नाही. त्यांच्यापैकी एकीने मला विचारले होते, "बाई, परिचारिकेचा अभ्यासक्रम आणि एन.सी.सी. दोन्ही झेपेल का? घरचे म्हणतात एक सोड." मी तिला वालेरीबाईंची गोष्ट सांगितली, दोन स्ट्रेचरांच्या जागेसकट सांगितली. नुसती टाळ्यांची गोष्ट सांगून पोरींना पुढे ढकलणे मला बरे वाटत नाही. पुढे काय उचलावे लागते तेही त्यांना कळले पाहिजे.

१९६३ साली वालेरीबाईंनी त्याच अलेक्सी सान्तिनींशी लग्न केले. १९८१ साली त्या निवृत्त झाल्या. पदके पुष्कळ मिळाली. १९९९ साली लेजिओं दॉनरचा सर्वोच्च वर्गही मिळाला. परंतु मला त्यांच्या चरित्रातले दोन साधे आकडे सर्वांत बोलके वाटतात. इंडोचीनमध्ये त्यांनी हेलिकॉप्टरच्या १२९ फेऱ्या केल्या आणि १६५ जखमींना आणले. १२९ फेऱ्या, १६५ माणसे! शाळकरी मुलानेही भागाकार करून पाहावा. फेरीला धड दोन माणसेही भरत नाहीत. म्हणजे कितीदा तरी धुक्यातून, गोळ्यांतून, एवढे यंत्र आणि एवढी विद्या घेऊन ही बाई निघाली असेल, ती फक्त एका माणसासाठी. आणि दर वेळी तो एक माणूस कोणता, हे तिने खाली उतरून, चिखलात गुडघे टेकून, स्वतः ठरवले असेल.