पुसता येणारे पाणी

नकाशा कशावर काढावा, या प्रश्नाने आमचे दोन पावसाळे खाल्ले. कागदावर काढा, असे कोणीही म्हणेल, आणि परीक्षेपुरता तो कागदावरच काढावा. आमचा नकाशा मात्र खेळाचा होता. त्या खेळात दर डावाला वाशिष्ठीचे पाणी चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. कागदावर निळी पेन्सिल फिरवून ती तीनदा खोडली, की चिपळूणची बाजारपेठ कागदासकट फाटते.

खेळाची कल्पना आमची नव्हे. मुंबईत शिकणारा आमचा भाचा सुट्टीत आला, तेव्हा त्याने पिशवीतून एक गुंडाळलेली जाड चटई काढली. व्हिनाइलची, एकेक इंचाचे चौकोन छापलेली. "मामू, यावर राक्षस राहतात," म्हणाला. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात, आणि गुहा, वाडे, पूल जसजसे सापडतील तसतसे चटईवर काढले जातात. आजच्या नियमांत एक चौकोन म्हणजे पाच फूट. खेळ आटोपला की ओले फडके फिरवायचे, राक्षस गेले. या खेळांचे पूर्वज प्रशियातले. 1812 साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने तिथल्या राजाला युद्धाचा खेळ टेबलासह करून दिला, जमिनीच्या फरशा हव्या तशा हलवून मांडता येतील असा. 1824 मध्ये त्यांच्या मुलाने फरशा काढून कागदी नकाशा आणला. म्हणजे नकाशा कायमचा असावा की बदलता, हा घोळ त्या बापलेकांपासूनच चालत आला आहे.

राक्षस आम्हांला नको होते. आमच्याकडे वाशिष्ठी आहे. 22 जुलै 2021 रोजी ती आणि शिव नदी मिळून शहरात शिरल्या, तेव्हा आमच्या सहावीतली मुले सहा-सात वर्षांची होती. त्यांना पूर आठवतो तो घरापुरता: कपाट कसे तरंगले, अब्बांनी कोणाला खांद्यावर घेतले. पाणी कुठून आले, कुठे आधी शिरले, कोणता रस्ता शेवटपर्यंत उघडा होता, हे त्यांना जोडता येत नाही. पुस्तकही ते जोडून देत नाही. म्हणून खेळ. कोणी रिक्षावाला, कोणी औषधाच्या दुकानाचा मालक, कोणी गोवळकोटचा होडीवाला, कोणी अंथरुणाला खिळलेली नानी. आमचा एक चौकोन पन्नास पावलांचा. दर डावाला तीन गोष्टी ठरतात: पाऊस किती, खाडीला भरती आहे की ओहोटी, आणि कोळकेवाडीकडून पाणी किती. कोयनेच्या वीजघरांतून निघालेले पाणी शेवटी वाशिष्ठीलाच मिळते, हे निम्म्या वर्गाला खेळातच कळले.

या तीन गोष्टी ठरवायच्या कशाने? भाच्याकडे वीस बाजूंचे फासे होते. फासे म्हटले की आपल्या घरांत कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे आपणांस सांगायला नको. दोन पालक येऊन बसले. आम्ही वाद घातला नाही. बिस्किटाच्या डब्यात एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. बाहुल्यांच्या जागी शर्टाची बटणे आली. खेळाचे काहीच अडले नाही, उलट चिठ्ठी उघडताना वर्ग जसा श्वास रोखतो तसा फाशाला रोखला नसता.

आता पृष्ठभाग. बी.एड. केलेल्या माणसाच्या घरी गुंडाळफळा असतोच, तो आधी काढला. खडूने नकाशा झकास उठतो, पण जमिनीवर पसरल्यावर चौदा गुडघे त्यावरून फिरतात आणि अर्ध्या तासात सगळी वाशिष्ठी पायजम्यांवर जाते. पाट्या जोडून पाहिल्या. चौकटींमुळे शहराचे तुकडे पडतात. काच गुळगुळीत, पुसायला उत्तम, पण मुलांच्या गराड्यात काच कोण ठेवील?

मग पांढरा फळा आणि कोरड्या शाईचे मार्कर. इथे जे कळले ते कोणत्याही दुकानदाराने सांगितले नसते. ही शाई सुकते, पण धरून राहत नाही. बाहीने पुसली जाते. इंग्रजी लिहिणाऱ्याचा उजवा हात अक्षरांच्या पुढे सरकत असतो, म्हणून त्याला त्रास कमी. त्रास होतो तो डावखुऱ्याला. उर्दूत उलट. उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे लिहिताना तळवा नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरूनच जातो. 'बाज़ार'मधला 'रे' लिहून होईपर्यंत 'बे'चा नुक्ता मनगटावर आलेला असतो. आमचा सगळा वर्ग त्या फळ्यापुढे डावखुरा ठरला. उत्तरेकडच्या मकतबांत तख्तीला मुलतानी मातीचा लेप देऊन बरूने लिहीत. तिथे शाई मातीत मुरे आणि पुढच्या धड्याला तख्ती धुवून नवा लेप देत. लिहिताना टिकावे आणि हवे तेव्हा जावे, हे त्या तख्तीला बरोबर साधले होते.

तसे पाहिले तर पुसायच्या पाटीवरून आपल्याकडे फार जुना वाद झालेला आहे. मराठी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत, आणि हिंदी अंकांचे गणित अरबांकडे गेले तेही धुळीच्या पाटीसकट. आकडा मांडा, पुसा, त्या जागी पुढचा मांडा. दिमिश्कमध्ये इसवी सन 952 च्या सुमारास अबुल हसन अल्-उक्लीदिसी यांनी हिंदी गणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यात तेच हिशेब न पुसता, कागद-शाईने करायच्या रीती दिल्या. धुळीवर पायऱ्या पुसल्या जातात, मग चूक कुठे झाली ते मागे जाऊन तपासता येत नाही, कागदावर येते. शिवाय धुळीची पाटी रस्त्यावर बसणाऱ्या भविष्य सांगणाऱ्यांचीही होती, आणि त्यांच्यात आपली गणना व्हावी हे विद्वानाला कसे रुचावे!

अल्-उक्लीदिसींचे आम्ही अर्धे ऐकले. रस्ते, पूल, मशिदी, देवळे, एस.टी. स्टँड, उंचवटे हे सगळे जाड कागदावर पक्क्या शाईने काढले, चौकोनही आखले. त्यावर जेवणाच्या टेबलावर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक, मीटरने मिळणारे. पाणी तेवढे प्लास्टिकवर, आणि तेही ओ.एच.पी.च्या पेनने. बी.एड.ला पारदर्शिका लिहायची ती पेने दोन जातींची असतात. पक्की चुकूनही घेऊ नये. पाण्यात विरघळणारी घ्यावी. कोरड्या हाताला ती दाद देत नाही, ओल्या फडक्याला लगेच देते. लाल रंग मात्र रात्रभर ठेवू नये, प्लास्टिकला डाग धरतो. डाव संपला की पुसण्याआधी प्रत्येकाने पाण्याची रेघ वहीत उतरवायची, तारीख घालून. एवढा कागद अल्-उक्लीदिसींचा.

वर्गात एक मुलगी आहे. त्या दिवशी तिचे घरचे लोक शेजाऱ्यांच्या माळ्यावर होते, एवढेच आम्हांला ठाऊक. पुढचे आम्ही विचारलेले नाही. पांढऱ्या फळ्यावर खेळ चालू असताना पाणी तिच्या गल्लीत शिरले की ती ओढणीच्या टोकाने तेवढा चौकोन हळूच कोरडा करी. "सर, ये चीटिंग है!" म्हणून पोरे ओरडत. आम्ही काही बोलत नसू. एक सहकारी म्हणाले, "कशाला लेकरांना पुन्हा त्या पाण्यात उतरवता?" प्रश्न खोटा नव्हता. पण जुलै दर वर्षी येतो, आणि तेव्हा ओढणी पुरत नाही.

प्लास्टिक आले त्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे ओढणी फिरवली. निळे गेले नाही. पुन्हा फिरवली. मग आमच्याकडे पाहिले. ओले फडके आमच्या मांडीवर होते, ते आम्ही पुढे केले नाही. तो क्षण आम्हांला जड गेला, खोटे कशाला सांगावे. डब्यातून पुढची चिठ्ठी निघाली, भरतीची. तिने नानीचे बटण उचलले, वर्गाला विचारले, "मस्जिद की छत तक कितने खाने?" कोणी तरी मोजले, चार. नानीला एका डावात दोनच खाने चालता येते. तिने रिक्षावाल्याला हाक मारली.

नानी पोचली की नाही ते त्या दिवशी ठरले नाही, कारण घंटा झाली. रेघ वहीत उतरवून घेतली, बटणे जिथल्या तिथे चिकटपट्टीने लावली आणि प्लास्टिक न पुसता तसेच ठेवले. निळी शाई सोमवारपर्यंत टिकते, हे आम्ही आधीच पाहून ठेवले होते.