घाईतल्या बिअरची बाजू

झटपट तयार होणाऱ्या बिअरला मी अनेक वर्षं बिअरच मानत नव्हते. घरी बिअर करायची तर अख्खा शनिवार तिला द्यायचा, पुढे महिना-दीड महिना थांबायचं, आणि एवढा धीर नसेल तर सरळ दुकानातून आणावी, असं मी नवशिक्यांना तोंडावर सांगायचे. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशानं बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण तोच आग्रह अजूनही अनेकांना या छंदापासून लांब ठेवतो.

आम्ही डेन्व्हरला राहतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. अमेरिकेतही 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे केंद्रीय कायद्यानं ही मोकळीक दिली. एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, दोघं असतील तर 200. मी शिकले ते इथल्याच मंडळींकडून, आणि त्यांचा आदर्श होता बव्हेरियाचा. तिथे 1553 च्या फर्मानानं एप्रिलअखेर ते सप्टेंबरअखेर बिअर करायलाच मनाई होती. थंडीत करून ठेवलेली बिअर गार तळघरात महिनोन् महिने मुरायची. 1842 ची पिल्झेनची सोनेरी बिअर, म्हणजे पिल्सनर, याच रीतीतून आली, आणि माझ्या लेखी तिच्यासारखी बिअर नाही. तेव्हा वेळ आणि चव या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एक होऊन बसल्या होत्या.

मग मुलगी झाली आणि शनिवार संपले. पातेलं गॅरेजमध्ये धूळ खात पडलं. मी स्वतःची समजूत घालत होते की, वेळ मिळेल तेव्हा नीट करू. पण करायचंच थांबलं की हातातलं कसबही जातं, हे त्या काळात मला लख्ख दिसलं. मोड आणलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, वास ओळखणं, भिजवणीचं तापमान हातानं अजमावणं, सगळं बोथट होत चाललं होतं.

त्याच सुमारास लार्स मारियुस गार्शोल यांचं शेतघरातल्या बिअरवरचं, 2020 मध्ये आलेलं पुस्तक वाचलं. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस भागातले शेतकरी क्वाइक नावाचं यीस्ट पिढ्यान् पिढ्या जपत आले. आपण विरजण राखतो तसं, एका खेपेतून काढून वाळवायचं आणि पुढच्या खेपेला घालायचं. माल्टचं गोड पाणी जेमतेम 40 अंश सेल्सिअसपर्यंत निवलं की क्वाइक त्यात सोडतात. त्या उष्णतेत नेहमीचं यीस्ट घशाला चरचरणारा जळका मद्यार्क तयार करतं. क्वाइकला मात्र ती मानवते, आणि दोन-तीन दिवसांत बिअर आंबून तयार होते. मग शेजारी चाखायला जमतात. मला सगळ्यात विचार करायला लावलं ते पुढच्या तपशिलानं. हेच व्हॉसकर गोड पाणी तीन-चार तास उकळतात, तर पश्चिम नॉर्वेतल्याच होर्निन्डालचे लोक ते उकळतच नाहीत. म्हणजे कुठे वेळ द्यायचा आणि कुठे नाही हे त्यांनी आपापलं ठरवलं होतं. या बिअरला उतावळेपणाचं फळ म्हणणं मला जमेना.

मग मी माझ्या शनिवारातला एकेक तास तपासला. माल्ट तासभर भिजवायचं, असा पाठ होता. पण आजच्या माल्टमध्ये विकरं भरपूर असतात, स्टार्चची साखर बहुतेक अर्ध्या तासातच होते. आयोडीनचा थेंब टाकून बघा, तो काळा-निळा झाला नाही की काम झालं. उकळायचाही एक तास. त्यात हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा उतरतो आणि फिक्या माल्टमधून येणारा शिजलेल्या मक्याचा वास उडून जातो. पिल्सनरच्या माल्टला हे लागतंच. जरा जास्त भाजलेल्या पेल एल माल्टला तीस मिनिटं पुरतात, फक्त हॉप्स वाढवावे लागतात. डेन्व्हरला तर जास्तच, कारण इथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं.

उकळल्यावर ते निववण्याचा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बिअरवाल्यांनी सोडवला. उकळतं गोड पाणीच खाद्यदर्जाच्या कॅनमध्ये गच्च बंद करायचं, रात्रभर निवू द्यायचं आणि यीस्ट दुसऱ्या दिवशी घालायचं. एक मोठं काम दोन छोट्या संध्याकाळींत विभागलं जातं. माल्ट कापडी पिशवीत भिजवून एकाच पातेल्यात सगळं उरकायची युक्तीही त्यांचीच. आणि मी प्रमाण निम्म्यावर आणलं. 19 लिटरऐवजी 10 लिटर, त्याला दोन किलो माल्ट. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लवकर तापतं, सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात लवकर निवतं.

दोन गोष्टींत मात्र घाई नको, आणि हे मी कळकळीनं सांगते आहे. धुणं आणि निर्जंतुक करणं पाच मिनिटांनीही कमी करू नका. आणि हायड्रोमीटरवर घनता एक दिवसाच्या अंतरानं दोनदा तीच येईपर्यंत बाटल्या भरू नका. साखर शिल्लक असताना भरलेली बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाऊ शकते. कॅलेंडरचा मोह तेव्हाच आवरायचा. बिअर झाली की नाही हे घनता सांगते. सहा आठवड्यांचा नेम सांगत नाही, तसा तीन दिवसांचाही नाही.

व्हॉसच्या क्वाइकची पहिली बाटली उघडली तेव्हा संत्र्याच्या सालीचा स्वच्छ वास आला. मी मनाशी ठरवलं होतं की, काहीतरी कच्चं लागेल. तसं काही लागलं नाही. ती पिल्सनर नव्हती, तिला व्हायचंही नव्हतं. ताजी, फळांच्या वासाची, आठवड्याभरातच संपवावी अशी बिअर होती, आणि मला ती मनापासून आवडली.

पिल्सनरसाठी मी अजूनही थांबते. डिसेंबरात घालते, वसंत ऋतू येईपर्यंत गॅरेजच्या थंडीत ठेवते, आणि तिच्या बाबतीत कुणी घाई केली तर आजही वाद घालीन. पण नवीन कुणी शिकायला आलं की मी आता धीराची परीक्षा घेत नाही. संध्याकाळी किती तास मोकळे आहेत, एवढंच विचारते. तीन म्हणालं, तर दोन किलो माल्ट, एक कापडी पिशवी आणि क्वाइकची पुडी आणायला सांगते.