खुर्च्यांच्या वादातून उभे राहिलेले मैदान

भिलाईच्या सेक्टर १० मधून मुंबई पाहायला निघालेले मराठी कुटुंब दुर्गला गाडीत बसते, नागपूरमार्गे दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरते आणि संध्याकाळी हमखास मरीन ड्राइव्हवर जाते. तिथून चर्चगेटकडे वळून मुलांना ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही दोन्ही स्टेडियम दाखवावीत. दोहोंमध्ये चालत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. इतक्या जवळ दोन स्टेडियम कशाला, असे मुले विचारतीलच. उत्तर एका शब्दाचे आहे : तिकिटे!

ब्रेबॉर्न १९३७ मधले. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ते बांधले. मैदान क्लबचे, शहराचे क्रिकेट मात्र असोसिएशनच्या हाती. कसोटी सामना आला की असोसिएशनच्या वाट्याला किती जागा, यावरून कुरबूर ठरलेली. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी वेगळी चूल मांडायचे ठरवले. नागपूरकडचे हे गृहस्थ तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. काम वर्षभराच्या आसपास उरकले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध इथे पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा ठोकल्या. ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळायला मात्र २००९ चा डिसेंबर उजाडला.

खुर्च्यांचा वाद मिटला म्हणावे, तर तसेही नाही. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला इथे सुमारे ३३ हजार जागा होत्या. खुल्या विक्रीला आली जेमतेम ४ हजार तिकिटे! बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद अशा मानकऱ्यांची. विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले.

बरे, मानकरी येतात तरी का? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये राखीव खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा सैनिक आणि विद्यार्थ्यांना आणून बसवावे लागले. फुकटचा पास वाया गेला तर कुणाच्या खिशाला चाट बसते? स्वतः पैसे मोजणारा सहसा खुर्ची सोडत नाही. अर्थात, मैदान अवाढव्य आणि सामना परक्या संघांचा असेल तर पासांनाच दोष देता येत नाही. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादला इंग्लंड-न्यूझीलंड सामन्याने विश्वचषक सुरू झाला, तेव्हा लाखाहून अधिक आसनांच्या त्या स्टेडियममध्ये रांगाच्या रांगा ओस होत्या.

मुंबईत असताना वानखेडेवर रणजी सामना चालू असेल, तर फाटकावर जरूर चौकशी करावी. त्या दिवशी खुर्च्यांवरून कुणी भांडत नाही.