पाकग्रंथ की प्रवेशग्रंथ?

यहुदी धर्माच्या जिज्ञासूपुढे निकोलस डी लांग यांचा 'ॲन इंट्रोडक्शन टू ज्युडाइझम' (२०००) आणि कैरोत जन्मलेल्या क्लॉडिया रोडेन यांचे 'द बुक ऑफ ज्यूइश फूड' (१९९६) ही दोन पुस्तके ठेवली, तर विद्यापीठीय संस्कार त्याचा हात पहिल्याकडेच नेतो. दुसरे 'स्वयंपाकाचे पुस्तक' म्हणून बाजूला सारले जाते. (ही तुच्छता केवळ ग्रंथालयापुरती नाही.)

वस्तुतः शब्बाथला अग्नी पेटवायचा नाही, हा नियम रोडेन यांच्याकडे शुक्रवारी सायंकाळपूर्वी मंद आचेवर चढविलेल्या भांड्यात रात्रभर शिजताना दिसतो. पूर्व युरोपात त्याचे चोलंट होते, उत्तर आफ्रिकेत दफिना. कोकणातील बेने इस्राएलांनी शनिवारी घाणा बंद ठेवला आणि ते 'शनवार तेली' ठरले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने ते करीत आलेला पोहे, गूळ, नारळ नि फळांचा मलिदा कोणत्याच संहितेत सांगितलेला नाही.

प्रश्न निव्वळ अभिरुचीचा नव्हे. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगी तेथील धर्मपीठाने वंशशुद्धीची चौकशी आरंभिली. १९६४ मध्ये शासनाने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानल्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे वाद शमला. धर्मशास्त्राच्या निकषावर जे संशयित ठरले, त्यांची ओळख शतकानुशतके बऱ्याच अंशी चुलीने आणि घाण्यानेच राखली होती.

अर्थात मांसाबरोबर दूध निषिद्ध आहे हे ठाऊक नसेल, तर त्यांच्या रश्श्यातील नारळाचे दूध ही निव्वळ कोकणी चव वाटेल. तरीही एकच पुस्तक आधी द्यायचे, तर रोडेन यांचे द्यावे. त्या नारळाचे कारण विचारत विद्यार्थी डी लांग यांच्याकडे आपण होऊन जाईल.