मोकळा गळा

आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाची हकीकत येथें लिहावयाची आहे. वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. करितांना आम्हांसही तो अपराध वाटला नव्हता. चार वर्षांपूर्वीं नाताळच्या गायनाची तालीम चालली असतां सहाव्या इयत्तेंतील एका मुलाचा सूर सारखा खालीं उतरे. दिवस थोडे उरले होते आणि पेटी वाजविणारे आमचे सहकारी वैतागले होते. तेव्हां आम्हीं त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या मायेचा आव आणून, सांगितलें, "तूं रांगेंत उभा राहा हो, पण नुसते ओठ हलव." मुलगा आज्ञाधारक होता. त्यानें ओठ हलविले. कार्यक्रम उत्तम झाला, पालकांनीं टाळ्या वाजविल्या, आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलों.

गेल्या वर्षीं, पावसाळ्यांतील मासेमारीची बंदी उठून होड्या पुन्हां समुद्रावर जाऊं लागल्यावर, एका सायंकाळीं आम्ही माहीमच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलों होतों. सुरूच्या झाडांतून वारा घोंगावत होता आणि भरतीच्या लाटांचा आवाज असा कीं, सोबतच्या माणसाशीं बोलावयाचें तरी कानाजवळ तोंड न्यावें लागे. इतक्यांत कांठावरून कोणीं हांक मारली. ती हांक लाटांच्या गर्जनेवरून सरळ निघून दूर असलेल्या एका होडीपर्यंत पोंचली, आणि होडींतून एक हात वर झाला. हांक मारणारा आमचा तोच विद्यार्थी. आतां नववींत गेलेला. आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलों. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या नव्हत्या, हनुवटी वर झाली नव्हती. त्यानें पाय वाळूंत रोवले होते, एक श्वास घेतला होता आणि आवाज सोडून दिला होता.

"अरे, एवढा तुझा आवाज! मग सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं तो जातो कोठें?" आम्हीं विचारलें.

त्यानें वाळूकडे पाहिलें. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, नुसते ओठ हलव म्हणून."

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तीच आम्हांस अधिक लागली. तीन वर्षें, शेंकडों सकाळीं, हा मुलगा आमच्यासमोर उभा राहून निःशब्द ओठ हलवीत होता, आणि आम्ही रोज त्याची हजेरी घेत होतों.

वास्तविक, आवाज गमावणें म्हणजे काय हें आम्हांस तरी कळावयास हवें होतें. वयाच्या एकतिसाव्या वर्षीं आमचा स्वतःचा आवाज गेला होता. साठ मुलांचा वर्ग, वर पत्र्याचें छप्पर, त्यावर श्रावणाचा मारा, आणि आमची समजूत अशी कीं, शिक्षकानें पावसाहून मोठ्यानें बोललें पाहिजे. प्रथम घोगरेपणा आला. आम्ही खाकरून तो दूर करीत असूं. मग सायंकाळपर्यंत आवाज पुरेना. अखेर एके दिवशीं तोंड उघडलें तों नुसती हवा बाहेर आली. मुंबईच्या डॉक्टरांनीं घशांत बारीक कॅमेरा घालून आमचे स्वरतंतू आम्हांसच पडद्यावर दाखविले. दोन पांढरट पट्ट्या, आणि त्यांच्या कडांवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढ्या दोन गांठी. शस्त्रक्रिया नको, म्हणाले. आधीं मौन, आणि मग बोलावयास नव्यानें शिकावयाचें. कुजबुजण्यासही त्यांनीं मनाई केली, कारण कुजबुजणें म्हणजे कंठाला विश्रांति नव्हे. आम्हीं पुष्कळ दिवस खडूनें बोलून वर्ग चालविला. एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आठ वर्षांच्या ओरडण्यानें जी शांतता वर्गांत कधीं झाली नाहीं, ती आम्ही मुके होतांच आपोआप झाली.

त्या दिवसांत गायनाचार्य अल्लादियाखाँसाहेबांची (१८५५–१९४६) कथा आम्हीं वाचली आणि तिनें मोठा धीर दिला. तरुणपणीं आमलेटा संस्थानांत असतां अतिशय गाण्यामुळें त्यांचा आवाज बसला, आणि पुष्कळ काळपर्यंत गातां येईना. आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. खाँसाहेब त्या बदललेल्या आवाजापाशीं रडत बसले नाहींत. त्याला जें साधेल त्यांतून त्यांनीं आपली गायकी नव्यानें घडविली, आणि तीच पुढें जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून महाराष्ट्रभर पसरली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्याच शिष्या. एवढ्या मोठ्या गवयाचाही गळा ताणल्यानें जातो, तेथें आम्हां शाळामास्तरांची काय कथा!

कंठांत काय चालतें हें मनुष्यास फार उशिरां दिसलें. १८५४ सालीं मॅन्युएल गार्सिया नांवाच्या गायनशिक्षकानें दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्याचा प्रकाश पाडला, आणि गातांना हालणारे आपले स्वरतंतू पाहिले. (हे गृहस्थ १८०५ ते १९०६ पर्यंत, म्हणजे १०१ वर्षें जगले. गळ्याची काळजी घेणारास दीर्घायुष्य लाभतें असा सिद्धांत मात्र आम्ही काढीत नाहीं.) श्वास घेतांना हे तंतू दूर होतात, आवाज काढतांना जवळ येतात, आणि फुप्फुसांतील हवा त्यांच्यामधून जातांना ते थरथरतात. पुरुष बोलत असतां ते सेकंदास सुमारें शंभर ते सव्वाशें वेळां, स्त्री बोलत असतां दोनशें वेळां, आणि मुलांत त्याहून अधिक वेळां एकमेकांस भिडतात. म्हणजे अर्धा तास सतत शिकविणाऱ्या मास्तरांच्या कंठांत लाखभर टाळ्या वाजतात. टाळी हलकी असेल तर कांहीं होत नाहीं. प्रत्येक टाळी जोरानें आपटली तर तळहातास होतें तेंच तेथें होतें.

तेव्हां जोर कंठांत नसावा. मग तो कोठें असावा? १९२१ च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मुंबईंत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनीं टिळक स्वराज्य फंडाकरितां 'संयुक्त मानापमान' नाटक केलें. त्या काळीं रंगभूमीवर ध्वनिवर्धक यंत्र नव्हतें. गच्च भरलेल्या नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावयाचा तो गळ्याच्याच बळावर, आणि तोही रात्रभर. केवळ ओरडून हें महिनाभरही निभलें नसतें. १९७० नंतरच्या दशकांत योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानें युरोपांतील संगीतनाटकांच्या गायकांचे आवाज मोजून यांतलें एक गुपित उघड केलें. कसलेला गायक आपल्या कंठाची व मुखाची पोकळी अशी ठेवतो कीं, आवाजाचें पुष्कळसें बळ सेकंदास तीन हजार कंपनांच्या आसपास एकवटतें. वाद्यवृंदाचा जोर त्याहून बराच खालीं असतो, आणि आपला कान त्याच भागांत अत्यंत तीक्ष्ण. म्हणून एकटा गायक पन्नास वाद्यांच्या वरून ऐकूं येतो. आमच्या विद्यार्थ्याची हांक लाटांवरून कशी गेली याचाही कांहीं उलगडा यांत असावा असें आम्हांस वाटतें.

आणि श्वासाविषयीं म्हणाल, तर आमच्या पालघर जिल्ह्यांत त्यासाठीं परदेशचें उदाहरण नको. वारली लोकांचा तारपा ज्यानें जवळून पाहिला असेल त्यास ठाऊक आहे कीं, वाजविणारा मध्यें थांबत नाहीं. गालांत सांठविलेली हवा तारप्यांत जात असतां तो नाकानें नवा श्वास घेतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायांना सूर तुटलेला कधीं कळत नाहीं. त्याचे खांदे पाहावे. ते स्वस्थ असतात. आमच्या तालमींतील मुलांस "मोठा श्वास घ्या" म्हटलें कीं सर्वांचे खांदे कानांपर्यंत चढतात.

आतां त्या मुलाकडे वळूं. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो फार ओशाळला. शिक्षकानें क्षमा मागितली तर काय उत्तर द्यावें हें आपण मुलांना शिकवीत नाहीं. मग आम्हीं त्यास गाण्यासाठीं बोलाविलें, तों तो म्हणाला, "सर, माझा आवाज चिरकतो. सगळे हसतील."

येथें एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. साधारणतः बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलाचा कंठ झपाट्यानें वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. मुलींचाही दोनतीन स्वर उतरतो, पण तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. या काळांत आवाज फुटतो, घसरतो, चिरकतो. तो रोग नव्हे, आणि त्यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. सक्ति करूं नये, तसें गाणें बंदही करूं नये. जेवढे स्वर सहज निघतात तेवढ्यांतच गावें. हें वाचून कळलें तेव्हां आमच्या मनांत चर्र झालें. सहावींत त्याचा सूर उतरत होता तो कदाचित् याच बदलाचा आरंभ असेल, किंवा आम्हीं धरलेली पट्टीच त्याच्या गळ्याला उंच झाली असेल. आमच्या उपासनेंतील पुष्कळ चाली युरोपांतून आलेल्या; मूळच्या चार आवाजांसाठीं रचलेल्या, आणि त्यांतील मुख्य चाल स्त्रियांच्या उंच आवाजाची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती मंडळीला देशी वळणाचीं भजनें व पदें दिलीं, कृष्णराव सांगळे यांनीं कीर्तनें रचलीं. पण पेटीवर पट्टी धरतांना आम्ही अजून वाजविणाऱ्याची सोय पाहतों, गाणाऱ्याचा गळा पाहत नाहीं.

आम्हीं त्या मुलाला गाणें शिकविलें असें म्हणतां येणार नाहीं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गांत उभें करून, बापाला मारतोस तशी हांक मार, असें सांगितलें. पहिल्या दिवशीं हांक निघेना. भिंतींना तो लाजला. भीति वाटली कीं प्रथम श्वास आंखडतो, खांदे चढतात, गळा आवळतो. धीर आणि तंत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत असें आम्ही समजत होतों, तें तेव्हां चुकीचें ठरलें. म्हणून आम्हीं त्याला बांकावर उताणें निजविलें, पोटावर भूगोलाचें पुस्तक ठेविलें, आणि पुस्तक वर-खालीं होतें तें पाहावयास सांगितलें. मग ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव. मग पेल्यांतल्या पाण्यांत नळी धरून, बुडबुडे काढीत काढीत आवाज. हा खेळ आम्हांस आमच्या आजारांत शिकविला होता, आणि थकलेल्या गळ्याला याहून सोपें औषध आमच्या पाहण्यांत नाहीं. चौथ्या दिवशीं हांक आली. ती एका सुरावर लांबवून धर म्हटलें, तों खर्जांत एक असा भरदार स्वर निघाला कीं तो स्वतःच दचकला.

चिरकण्याच्या भीतीवर आम्हीं एक अघोरी उपाय केला. वरच्या स्वरावरून खालीं मुद्दाम घसरावयाचें आणि आवाज जेथें फुटतो तेथें फुटूं द्यावयाचा. त्यानें केलें, आम्हींही केलें. आमचा आवाज त्याच्याहून वाईट फुटला. दोघेही पुष्कळ हसलों. पुढच्या आठवड्यांत त्यानें दोन मित्र आणले.

घरीं काय करावें असें पालक विचारतात. मुलांस पाणी पुरेसें पाजावें, झोंप पुरी होऊं द्यावी, ओरडून खेळून आल्यावर लगेच गावयास बसवूं नये, आणि वारंवार खाकरण्याची संवय मोडावी. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर हळद-मधावर न थांबतां घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. पण याहून महत्त्वाचें म्हणजे, "तुला गळा नाहीं" हें वाक्य घरांत कोणी उच्चारूं नये. आमच्या पिढींत ज्यांनीं गाणें सोडलें त्यांतील बहुतेकांना तें कोणीं, कोठें आणि कोणत्या इयत्तेंत म्हटलें हें अजून आठवतें.

नाताळच्या कार्यक्रमांत त्या मुलानें दुसरें कडवें एकट्यानें म्हटलें. पट्टी पांढरी एकवरून आम्हीं तिच्या खालच्या पांढरी सहावर आणली होती. मध्यें एके ठिकाणीं आवाज फुटला. मागच्या बांकावर कोणी खुदकन् हसलें. त्यानें श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. त्याचा बाप होडीवरून थेट आलेला, दाराशींच उभा होता. आंत या म्हटलें तरी कपडे ओले आहेत म्हणून आला नाहीं. शेवटच्या ध्रुवपदाला तोही गात होता, शब्द अर्थातच ठाऊक नव्हते.

यंदा सहावीच्या रांगेंत दोन मुलें भलत्याच सुरांत गातात. पेटी वाजवितां वाजवितां आमचे सहकारी आमच्याकडे पाहतात. आम्ही खिडकीबाहेर पाहतों.