तक्रारीचे पत्र

दिल्लीत गुलाब लावण्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्या सुमुहूर्तावर एका रोपवाटिकेतून मी डोळा भरलेली पाच कलमे आणली. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी होती. डिसेंबर उलटला तेव्हा त्यांतील दोघांनी पाने गाळली आणि मी लेखणी सरसावली.

पण जागा बदललेले झाड काही दिवस रुसतेच. उपटताना मुळे तुटलेली असतात; सगळ्या पानांना पाणी पुरवणे त्यांना जमत नाही. बदलीच्या गावी पहिला महिना आपण तरी कुठे हसतमुख असतो? मी थांबलो. जानेवारीत लालसर फुटवे आले आणि शेजाऱ्यांना ते मी कौतुकाने दाखवले.

फेब्रुवारीत चार झाडे फुलली. त्यांतल्या एकावर पट्टी होती ‘पीस’ची. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी निर्माण केलेल्या या गुलाबाला हे नाव १९४५ साली, महायुद्ध संपत असताना मिळाले. त्याची पाकळी फिकट पिवळी, कडेला गुलाबी झाक. माझ्या दारी मात्र गडद गुलाबी फूल उमलले. हवेप्रमाणे ती झाक कमीअधिक होते, हे खरे. पण अवघे फूल काही रंग बदलत नाही. पाचवे झाड तर नुसतेच उंच वाढले होते, कळीचा पत्ता नव्हता. ‘दोन झाडांच्या बाबतीत माझी फसवणूक झाली आहे,’ असे ठणठणीत वाक्य मी लिहून काढले.

मूळ पाहिल्यावाचून लिहू नये, हा अनुवादकाच्या धंद्यातला पहिला नियम. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी पाचव्या झाडाच्या बुंध्याची माती उकरली. डोळा भरलेल्या गाठीच्या वरची फांदी काडीसारखी वाळली होती. सारी वाढ गाठीच्या खालची, म्हणजे रानटी खुंटाची होती! जानेवारीत ज्यांचे कौतुक केले, त्यांतलेच हे फुटवे. ते वेळीच मोडायला हवे होते. डोळा मुळातच कच्चा होता की फुटव्यांना पोसून मीच तो मारला, याचा निवाडा आता कोण करणार? मी ‘दोन’ खोडून ‘एक’ केले. मग ‘फसवणूक’ही डोळ्यांत खुपू लागली, तिथे ‘चूक’ लिहिले. एवढे झाल्यावर पत्राची गरजच उरली नाही. फूल, पट्टी आणि पावती घेऊन मी स्वतःच गेलो.

मालकाने फूल पाहताच पट्ट्यांची अदलाबदल कबूल केली आणि कुंडीतले दुसरे रोप पुढे केले. “बाकी सब ठीक, बाबूजी?” त्याने विचारले. पाचव्याचे दुःख जिभेवर आले होते; आयते दुसरे रोपही मिळाले असते.

“एक मी मारले,” मी म्हणालो. तो हसला आणि बुंध्याशी अंगठा लावून फुटवा कोठून मोडायचा ते दाखवू लागला.

नव्या रोपावरही ‘पीस’चीच पट्टी आहे. अजून कळी आलेली नाही. पावती मी जपून ठेवली आहे.