आधी आभार

वर्ष संपताना माणसाने सर्वांत आधी आपल्या चुका मोजाव्यात, असं मी आयुष्यभर मानत आले. मुलांनाही तेच शिकवलं. या नाताळात ते मत मी सोडते आहे.

आमच्या वसईत नाताळ चोवीस तारखेच्या रात्री उगवत नाही. त्याआधी आगमनकाळाचे चार रविवार असतात. वेदीवर जांभळा रंग येतो, पोरं गव्हाणीसाठी गवत-माती जमवू लागतात आणि चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात. त्या रांगेत उभं राहून सरतं वर्ष आठवायचं, ही सवय लहानपणापासूनची. कुणाला दुखावलं, कुठे खोटं बोललो, काय करायचं राहून गेलं. त्यात आमची पिढी हरित वसईच्या आंदोलनात घडली. हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ नये, विहिरी टँकरने उपसल्या जाऊ नयेत म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आम्हाला जाब विचारायला शिकवलं. जाब विचारणारा जागा राहतो, आभार मानणारा सुस्तावतो, हा निष्कर्ष मात्र त्यांचा नव्हे, माझा.

म्हणून पोप फ्रान्सिस यांचं 22 डिसेंबर 2014 चं भाषण मला अतिशय आवडलं होतं. रोमन क्युरियातल्या, म्हणजे आपल्याच प्रशासनातल्या वरिष्ठांना नाताळच्या शुभेच्छा देताना त्यांनी पंधरा आजारांची यादी मांडली. आपल्यावाचून अडतं असं वाटणं, कुचाळक्या, वरिष्ठांची खुशामत, दगड झालेलं मन. सणाच्या दिवसांतही हा माणूस खरं बोलतो, याचा मला आनंद झाला. त्या वर्षीची माझी स्वतःची यादी चांगलीच लांब होती.

2025 मध्ये 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. त्याच वर्षी पावसाळ्यात माझी आई गेली.

आईच्या मागे मी वही घेऊन बसले. तिला वेळ दिला नाही, औषधांवरून तिच्यावर चिडले, ती जुन्या गोष्टी पुन्हा सांगू लागली की उठून गेले. सगळं खरं होतं. पण लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्या पानांवर आई नव्हतीच. प्रत्येक ओळीत मी होते. तिने वाडीतल्या केळी विकून माझी फी भरली, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागली, वर्षानुवर्षं माझ्या मुलांना सांभाळलं, यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. तिच्या मरणातही मी स्वतःलाच न्याहाळत होते. ज्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते, त्यात तिला जागाच नव्हती.

त्यानंतर पोप फ्रान्सिस यांचं 2022 च्या नाताळातलं भाषण वाचनात आलं. श्रोते तेच, प्रसंग तोच. इथे मात्र ते कृतज्ञतेपासून सुरुवात करतात. आभाराची सवय नसेल तर आपण नुसती अपयशं मोजत बसू आणि मिळालेली कृपा नजरेतून सुटेल, असा त्यांचा रोख आहे. पुढे ते श्रोत्यांना सोडत नाहीत. धर्माच्या जवळ राहणाऱ्यांच्या मनात शिरणाऱ्या सभ्य, शिष्टाचारी सैतानांबद्दल ते त्यांना बजावतात. झाडाझडती आहेच, पण आभारानंतर. ते येशूसंघाचे, आणि त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी 1548 मध्ये छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या हाच क्रम धरून सांगितल्या आहेत. पहिली, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. दुसरी, आपली पापं ओळखता यावीत म्हणून प्रार्थना. तिसऱ्या पायरीवर तासातासाचा हिशेब, मग क्षमायाचना, मग सुधारण्याचा निश्चय. मी कायम थेट तिसरीवर उडी घेत होते.

हा क्रम केवळ भाविकांच्या सोयीचा आहे असं मला वाटत नाही. काय मिळालं हे आधी नीट पाहिलं की काय चुकलं तेही अधिक स्पष्ट दिसतं. केळी विकून भरलेली फी आठवली तेव्हाच, उठून गेल्यावर आईला काय वाटलं असेल हे मला कळलं. नुसत्या यादीतून ते कळलं नव्हतं. वसईचंही तसंच. या मातीने, या विहिरींनी काय दिलं हे ज्यांना माहीत होतं, तेच तेव्हा रस्त्यावर उतरले होते. आभारातूनही जाब निघतो, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही.

यंदा आमच्याकडे फराळ केला नाही. आठवडाभर शेजारून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल येत राहिले, हिंदू शेजाऱ्यांकडून लाडू आले. कोणी काय आणलं, हे मी त्याच वहीत लिहून ठेवलं आहे.

वाचकहो, 31 डिसेंबरला वही काढणार असाल तर चुकांच्या आधी माणसांची नावं लिहा. त्यातलं जे कोणी हयात आहे, त्याच्या घरी तीन राजांच्या सणाच्या आत, 6 जानेवारीपूर्वी, जाऊन या.